अ‍ॅक्सलचा बूट बदलताना क्लिप पक्की कशी बसवायची

पुढच्या चाकाच्या रिमला आतून काळं ग्रीस उडालेलं दिसलं की गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: अ‍ॅक्सलचा बूट, म्हणजे सांध्यावर बसून आतलं ग्रीस धरून ठेवणारं घड्यांचं रबरी आवरण, गेला. नवीन बूट बसतो, गाडी जाते, आणि काही महिन्यांत तीच गाडी परत दारात उभी राहते. ‘भाऊ, बूट बदलला होता नं? मग पुन्हा ग्रीस कसं येऊन राहिलं?’ अशी परत आलेली गाडी वर घेऊन पाहिली तर रबर बहुतेक वेळा धडधाकट असतं. क्लिप, म्हणजे बुटाचा काठ आवळून धरणारी पत्र्याची पट्टी, सैल असते, वाकडी बसलेली असते, नाहीतर पूर्ण निघून पडलेली असते. बूट बदलण्याच्या कामात क्लिप सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात शेवटचं काम. तोवर हात ग्रीसने माखलेले असतात, गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत असतं आणि पाच मिनिटांचं काम दीड मिनिटात उरकलं जातं.

म्हणून या लेखात शाफ्ट काढणं-बसवणं मी झटपट सांगणार आहे आणि क्लिपपाशी थांबणार आहे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड करणारी मुलं, गॅरेजमध्ये नुकतेच हाताखाली लागलेले, आणि घरची गाडी स्वतः हाताळायची आवड असलेले, अशा सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे.

आठ क्लिपा, आणि त्यांच्यावरचा ताण

पुढची चाकं गाडी ओढतात अशा गाडीत डाव्या-उजव्या बाजूला एकेक ड्राइव्ह शाफ्ट असतो, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा. गॅरेजमध्ये यालाच अ‍ॅक्सल म्हणतात. प्रत्येक शाफ्टला दोन सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकलेल्या कोनातही फिरणं पोचवणारे सांधे: एक चाकाकडचा, एक गिअरबॉक्सकडचा. चार जॉइंट, चार बूट, आणि प्रत्येक बुटाला एक मोठी व एक छोटी अशा एकूण आठ क्लिपा. अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या काळात मेकॅनिकला हे काम माहीतच नव्हतं, कारण त्या गाड्या मागच्या चाकांवर चालत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढे तिच्यासारख्या छोट्या गाड्यांनी रस्ते भरले, तसं बूट बदलणं हे रोजचं काम झालं. ओम्नी मात्र मागच्या चाकांवरच चाले. तिला हे बूट नाहीत.

चाकाकडच्या जॉइंटमध्ये साधारणपणे सहा गोळ्या असतात आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी तो शक्ती पोचवत राहतो. गिअरबॉक्सकडचा जॉइंट बहुतेक छोट्या गाड्यांत तीन रोलरचा असतो. सस्पेन्शन वर-खाली झालं की तो आत-बाहेर सरकतो. म्हणजे एक बूट सतत वाकतो आणि दुसरा सतत ताणला-दाबला जातो. १५५/८० आर १३ मापाच्या टायरचा घेर सुमारे १.८ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला ते चाक मिनिटाला ९०० हून जास्त फेरे घेतं. समृद्धीवर गाडी टाकली की तासन्‌तास हेच चालू. आतलं ग्रीस त्या फिरण्याने बाहेरच्या दिशेला फेकलं जातं आणि मोठ्या क्लिपेच्या काठावर येऊन दाबतं. तिथे केसाएवढी फट असली तरी ते वाट काढतं.

नागपूरची हवा आणि माती यात भर घालतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, त्यात खालून तापलेला सिमेंटचा रस्ता आणि काही गाड्यांत आतल्या बुटाशेजारून जाणारा सायलेन्सरचा पाइप. ग्रीस पातळ होतं, रबर कडक होत जातं. पावसाळ्यात शहराबाहेर काळ्या मातीच्या रस्त्याने गेलं की बुटाच्या घड्यांत चिखल भरतो आणि तो वाळला की विटेसारखा कडक होतो. अशा बुटाची क्लिप जराशी सैल असेल तर चिखलाचं पाणी आत जातं. ग्रीस बाहेर आलं तर जॉइंट हळूहळू मरतो, पण पाणी आणि रेती आत गेली तर फार लवकर मरतो.

आधी जॉइंट वाचण्यासारखा आहे का ते बघा

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट-कट-कट असा आवाज येत असेल तर चाकाकडचा जॉइंट झिजला आहे. नवीन बूट घालून तो आवाज जाणार नाही. सरळ रस्त्यावर पिकअप देताना गाडी थरथरत असेल आणि पिकअप सोडल्यावर शांत होत असेल, तर गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर संशय घ्या.

आवाज नसेल पण बूट फाटलेला असेल, तर फाटलेल्या जागेतून चिमूटभर ग्रीस काढून अंगठा आणि बोटात चोळा. लोण्यासारखं घसरलं तर आशा आहे. करकर लागली तर रेती आत गेलेली आहे. जॉइंट पूर्ण धुऊन, गोळ्या आणि त्यांचे मार्ग उजेडात तपासल्याशिवाय बूट घालू नका. गोळी जिथे धावते तिथे नखाला लागेल असा खड्डा दिसला तर गिऱ्हाइकाला सरळ सांगा की जॉइंट बदलावा लागेल. आज थोडे पैसे वाचवायला गेलेल्याला पुढच्या महिन्यात सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते.

सामान

घाट रोडवरच्या स्पेअरच्या दुकानात नुसतं ‘स्विफ्टचा बूट द्या’ म्हणू नका. गाडीचं मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल, गिअर मॅन्युअल की ऑटोमॅटिक, आणि बूट चाकाकडचा की गिअरबॉक्सकडचा, एवढं सांगा. शक्य असेल तर जुना बूट क्लिपांसकट पिशवीत घेऊन जा. किटमध्ये बूट, दोन क्लिपा, ग्रीसचं पाकीट आणि सहसा नवीन सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) येते. नुसता बूट स्वस्तात देऊ केला तर क्लिपा वेगळ्या आणि मापाच्या घ्याव्या लागतात, हे लक्षात ठेवा. जुनी क्लिप पुन्हा वापरायची नसते, मग ती कितीही चांगली दिसो. एकदा दाबलेला पत्रा दुसऱ्यांदा तेवढा ताण धरत नाही.

किट हातात आल्यावर बूट नखाने दाबून बघा. नख रुतलं आणि बूट मऊ वाकला तर तो साधा निओप्रीन रबराचा. नख घसरलं आणि बूट चकचकीत, प्लास्टिकसारखा वाटला तर तो टीपीई, म्हणजे कडक जातीचा. हा फरक क्लिप किती आवळायची ते ठरवतो. मऊ रबर थोड्या दाबात बैठकीवर बसतं आणि जास्त दाबलं तर क्लिपेच्या कडेने कापलं जातं. कडक बूट सहजी दबत नाही. त्याला क्लिप जोरात आवळावी लागते आणि कित्येकदा जाड पट्टीची वेगळी क्लिप लागते. मऊ बुटाच्या क्लिपा कडक बुटाला लावल्या की गळती ठरलेली.

अवजारांत एक गोष्ट आवर्जून घ्या: कानवाली, म्हणजे पट्टीवर उंचवटा असलेली, क्लिप दाबायची पक्कड. तिचे जबडे बोथट आणि चौकोनी असतात. दिसायला कटर पक्कडीसारखी, म्हणून बरेच जण कटरनेच काम भागवतात. कटरची धार क्लिपेच्या कानाला चीर पाडते आणि काही दिवसांत कान तिथूनच तुटतो. पट्टी-बकलची क्लिप असेल तर पट्टी ओढणारं हत्यार लागतं. बाकी टॉर्क रेंच, तांब्याचा किंवा पितळेचा ठोकणा, सर्क्लिपची पक्कड, गाडी टेकवायला दोन स्टँड आणि भरपूर स्वच्छ चिंध्या.

शाफ्ट बाहेर काढणं

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून गुटके लावा. अ‍ॅक्सलचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. आधी त्याचा ठोकून बसवलेला काठ उचकटा किंवा पिन काढा. मग गाडी उचला आणि स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाक काढा, लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि गरज पडली तर टाय रॉड सोडवा, हब बाहेर खेचून शाफ्ट त्यातून काढा. अडला तर शाफ्टच्या टोकावर थेट हातोडी मारू नका, आटे पसरतात. गिअरबॉक्सकडून काढताना शाफ्टला धरून ओढायचं नाही, कारण आतला जॉइंट सुटून येतो. पहार जॉइंटच्या घरामागे (बाहेरच्या कवचामागे) लावून उचकटा आणि त्या वेळी गिअरबॉक्सच्या ऑइल सीलला धक्का लागू देऊ नका. थोडं गिअर ऑइल येईलच, खाली ट्रे ठेवा आणि शेवटी लेव्हल बघून भरा.

शाफ्ट पूर्ण बाहेर काढण्याआधी एक काम करा, जे बहुतेक जण विसरतात. खडूने किंवा पेंटने शाफ्टवर बाण काढा: गाडी पुढे जाताना शाफ्ट कोणत्या बाजूला फिरतो. का, ते पुढे येईल. जुन्या क्लिपा तोडण्याआधी त्या कुठे आणि कोणत्या दिशेने होत्या याचा मोबाइलवर फोटो घ्या. मगच तोडा. तोडताना ग्राइंडर शाफ्टला लागू देऊ नका. तिथली चीर पुढे शाफ्ट मोडण्याची जागा होते.

बऱ्याच जपानी घडणीच्या गाड्यांत चाकाकडचा जॉइंट शाफ्टवरून निघतच नाही. नवख्या मुलाने त्यावर अर्धा तास हातोडी चालवलेली दिसते. तिथे गिअरबॉक्सकडचा जॉइंट उघडायचा, तीन रोलरचा भाग खुणा करून काढायचा आणि चाकाकडचा बूटसुद्धा त्याच बाजूने सरकवत आणायचा. अशा गाडीत दोन्ही बूट एकदमच बदलणं शहाणपणाचं, कारण काम एकच आहे.

बैठक कोरडी हवी

बुटाचा काठ ज्या खाचेत बसतो त्या जागेला बैठक म्हणू. शाफ्टवर छोट्या काठाची बैठक, जॉइंटच्या घरावर मोठ्या काठाची. क्लिप किती टिकणार ते इथे ठरतं.

जॉइंट धुवायला रॉकेल किंवा डिझेल चालतं, पण नंतर तो पूर्ण वाळला पाहिजे. रॉकेल राहिलं तर नवीन ग्रीस पातळ होतं. कॉम्प्रेसरची हवा मारा, मग स्वच्छ कापडाने पुसा. बैठकीच्या खाचेतला गंज आणि जुन्या रबराचे चिकटलेले तुकडे बारीक एमरी पेपरने काढा, शेवटी ब्रेक क्लीनरने पुसा. नवीन बुटाच्या काठाची आतली बाजूसुद्धा पुसायची. तिथे ग्रीसचा हात लागला असेल तर क्लिप कितीही आवळा, काठ घसरत राहतो. जॉइंटमध्ये ग्रीस भरताना बैठकीवर डाग पडतोच. म्हणून मी क्रम असा सांगेन: ग्रीस भरा, हातमोजे बदला, बैठक पुन्हा पुसा, आणि मगच काठ खाचेत बसवा. हातमोजे बदलायचा कंटाळा करू नका.

शाफ्टवर चढवण्याचा क्रम: स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या, दातांवर काळी टेप गुंडाळा म्हणजे बूट फाटणार नाही. आधी छोटी क्लिप, मग बूट, मग मोठी क्लिप. काही क्लिपा उघडतात आणि नंतरही घालता येतात, पण बंद कड्याची क्लिप असेल आणि ती आधी घालायची राहिली तर जॉइंट पुन्हा उघडावा लागतो. टेप काढा, खुणा जुळवून जॉइंट बसवा, सर्क्लिप नवीन घाला.

ग्रीस किटमधलंच वापरा आणि पाकिटात आहे तेवढं सगळं. चाकाकडच्या जॉइंटला सहसा मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस येतं. गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचं वेगळ्या रंगाचं असू शकतं. दोन्ही एकत्र करू नका, आणि बेअरिंगचं पिवळं ग्रीस तर नकोच. निम्मं जॉइंटमध्ये गोळ्यांच्या किंवा रोलरच्या आत दाबून भरा, उरलेलं बुटात. जास्त भरलं म्हणजे जॉइंट जास्त टिकेल असं नाही. जास्तीचं ग्रीस काठावर दाब टाकतं आणि क्लिपेखालून निघतं.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत टीपीईचा बूट दगडासारखा वाटतो. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मऊ होतो, मग पूर्ण पुसून बसवा. ब्लो लँप किंवा लायटर लावू नका.

तीन रोलरच्या जॉइंटचं घर कधी कधी बाहेरून गोल नसून तीन उंचवट्यांचं असतं. त्या बुटाच्या काठात आतून तसेच तीन खड्डे असतात, किंवा वेगळी रबरी कडी येते. खड्डे उंचवट्यांशी जुळले नाहीत तर वरून सगळं ठीक दिसतं आणि आत तीन ठिकाणी पोकळी राहते. बोट फिरवून जाणवतं. क्लिप लावण्याआधी एकदा फिरवाच.

हवा सोडणं

मोठा काठ खाचेत बसवून मोठी क्लिप आवळा. छोटी अजून सैलच. आता शाफ्ट आणि जॉइंट गाडीत असतात तशा लांबीवर धरा. आतल्या जॉइंटची ही लांबी गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. बोथट, गोल कडेचा पेचकस छोट्या काठाखाली हळूच सरकवा. फुस्स आवाज येतो, कधी बूट फुगलेला असतो तो खाली बसतो, कधी आत ओढलेला असतो तो मोकळा होतो. घड्या सगळीकडे सारख्या दिसल्या की पेचकस काढा, काठ खाचेत परत बसला ना ते बघा आणि छोटी क्लिप आवळा.

ही हवा सोडली नाही तर जॉइंट सरकताना आतला दाब वाढतो-घटतो. फुगलेला बूट क्लिपेखालून ग्रीस ढकलतो. ओढलेल्या बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि तिथून तो चिरतो. बूट पिळलेला नाही हेसुद्धा इथेच बघायचं. बुटाच्या अंगावर साच्याची एक सरळ रेघ असते, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हवी. तिरकी गेली असेल तर छोटा काठ फिरवून सरळ करा.

क्लिप आवळणं

कानवाली क्लिप. पट्टीवर एक उंचवटा असतो, तोच कान. पट्टीच्या आकड्या पट्टीतल्या खिडक्यांमध्ये अडकवून क्लिप बुटाच्या काठावरच्या खाचेत नीट बसवा. सगळीकडे सारखी, एका बाजूला काठावरून उतरलेली नको. हाताने फिरेल इतपत घट्ट असली की बरोबर खिडकी निवडली. आता पक्कडीचे जबडे कानाच्या बुडाशी लावा, टोकाशी नाही. पक्कड पट्टीला काटकोनात धरा आणि एका दमात, झटका न देता, दाबत न्या. कानाच्या दोन्ही भिंती बुडाशी जवळ येतात आणि कानाचं तोंड अरुंद होतं. मॅन्युअलमध्ये या फटीचं माप मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. फीलर गेजने मोजा.

दाबलेला कान नंतर स्प्रिंगचं काम करतो. उन्हात सगळं फुगतं, रात्री आकसतं, रबर काळाने थोडं बसतं. कान तेवढी ढील सामावून घेतो. म्हणूनच कान हातोडीने चपटा करणं चूक. चपटा केला की स्प्रिंग गेली.

कान पूर्ण मिटला आणि तरी क्लिप बोटाने फिरते आहे? माप मोठं आहे. किंवा आकडी एक खिडकी पुढे हवी होती. ती क्लिप तोडा, दुसरी घ्या. कान जेमतेम दबतो आणि काठ क्लिपेच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आला? माप छोटं आहे, रबर कापलं जाईल. दोन्ही वेळी मन मारून तशीच ठेवू नका. एवढ्याशा क्लिपेसाठी अख्खा शाफ्ट पुन्हा उतरवायची वेळ येते.

घडी पडणारी पट्टी. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत ही दिसते. पट्टीचं एक टोक उलट्या दिशेने मुडपलं की ती ताणली जाते आणि दोन छोट्या पाकळ्या त्यावर वाकवून टोक धरून ठेवायचं असतं. पट्टी-बकलची क्लिप हीच कल्पना, फक्त पट्टी हत्याराने ओढून ताण द्यायचा, ताण असतानाच टोक ९० अंश वर वळवायचं, साधारण ५ ते १० मिमी शेपूट ठेवून कापायचं आणि बकलवर मागे मुडपून हलक्या हाताने ठोकायचं. ठोकताना खाली जॉइंटचं घर असतं, म्हणून जोर लावू नका. शेपूट उभी राहिली तर ती फिरताना शेजारची वायर किंवा नळी कापते.

आता तो खडूचा बाण. मुडपलेलं मोकळं टोक नेहमी फिरण्याच्या उलट दिशेला, म्हणजे मागे राहणारं हवं. सोपी खूण सांगतो: गाडी पुढे जाताना शाफ्टची वरची बाजू गाडीच्या तोंडाकडे जाते. म्हणून क्लिपेची मुडप शाफ्टच्या वरच्या बाजूला आणली, तर मोकळं टोक गाडीच्या मागच्या बंपरकडे बोट दाखवत असलं पाहिजे. उलट बसवलं तर पुढून येणारी गिट्टी, काळी माती, गवताची काडी त्या टोकाखाली शिरते आणि घडी उघडायला लागते. डावीकडची आणि उजवीकडची दिशा एकमेकींच्या उलट असते. बाहेरून बघितलं तर डावं चाक घड्याळाच्या उलट फिरतं, उजवं घड्याळासारखं. टेबलावर शाफ्ट आडवा पडला की हे डोक्यात राहत नाही, म्हणून बाण गाडीवरच काढायचा.

बिनकानाची, चपट्या कुलुपाची क्लिप. जिथे बुटाजवळ जागा कमी असते तिथे कंपनी ही देते. दोन टोकांना आकडे आणि खिडक्या असतात. तिची पक्कड वेगळी, दोन पिनांची. पिना दोन्हीकडे अडकवून दाबलं की आकडे एकमेकांत खटकन बसतात. ही पक्कड नसेल तर पेचकसाने उचकटून ही क्लिप लागत नाही. पट्टी वाकते आणि अर्धीच अडकते. तिच्या जागी कानवाली लावायची असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून कान कुठे घासत नाही ना, एबीएसच्या वायरला लागत नाही ना, ते आधी तपासा.

आणि जे लावायचं नाही ते. रेडिएटरच्या पाइपची स्क्रूवाली क्लिप बाजारात सगळीकडे मिळते आणि पेचकसाने घट्ट होते, म्हणून ती फार लावली जाते. एका बाजूला स्क्रूचं जड घर असल्याने तिचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही. घराखाली काठ दबतो आणि बाजूला पोकळ राहतो. वर तो उंचवटा फिरताना शेजारच्या भागाला आपटतो. प्लास्टिकचा केबल टाय तर इंजिनाच्या उष्णतेत आणि कडक बुटाच्या ताणात टिकतच नाही. उमरेडहून येताना वाटेत क्लिप निघाली आणि गॅरेजपर्यंत पोचायचं आहे, तेवढ्यापुरता टाय ठीक. तारेने बांधणं त्या कामालाही नको, तार रबर कापते.

गाडीत घालण्याआधी तपासणी

दोन्ही हातांनी बुटाचा मोठा काठ धरा आणि बैठकीवर फिरवून बघा. फिरता कामा नये. छोट्या काठाचंही तसंच. मग जॉइंट सगळीकडे वाकवा. घड्या उघडाव्यात-मिटाव्यात, काठ खाचेतून उठू नये. क्लिपेच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ आली असेल तर बैठकीवर ग्रीस राहिलं होतं. क्लिप तोडा, पुसा, नवीन लावा. हे आत्ता टेबलावर दहा मिनिटांचं काम आहे.

शाफ्ट बसवताना गिअरबॉक्सच्या सीलवर थोडं ऑइल लावा आणि सर्क्लिप खट्टकन बसल्याची खात्री करा. आतला जॉइंट हलकेच ओढून बघितला तर निघू नये. अ‍ॅक्सलचा नट नवीन लावा, चाक जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या मापाला आवळा आणि काठ खाचेत ठोका. हा नट अंदाजाने किंवा इम्पॅक्ट गनने शेवटपर्यंत आवळला तर व्हील बेअरिंगचं आयुष्य कमी होतं. बॉल जॉइंटचे नट आणि पिना, चाकाचे नट, गिअर ऑइलची लेव्हल.

बाहेर काढून पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवत दोन-चार फेऱ्या मारा. खरखर किंवा टिकटिक आली तर कान किंवा शेपूट कुठे तरी लागते आहे. मग रिमची आतली बाजू स्वच्छ पुसून गाडी द्या. पुसलेली असेल तरच पुढे गळती झाली ते कळेल.

गिऱ्हाइकाला आठवड्याभराने किंवा दोन-तीनशे किलोमीटरने पाच मिनिटांसाठी बोलवा. स्टिअरिंग वळवून टॉर्चच्या उजेडात बघा. ग्रीस कुठे आहे त्यावरून कारण कळतं. रिमवर आणि मोठ्या काठाच्या कडेला गोल पट्टा उमटला असेल तर मोठी क्लिप सैल किंवा बैठक मळलेली. शाफ्टवर छोट्या काठाला लागून ओलं असेल तर हवा सोडली गेली नाही किंवा छोटी क्लिप मापाची नाही. बुटाच्या मधल्या घडीत चीर असेल तर बूट पिळलेला होता किंवा कुठे घासतो आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत काठावर अगदी पुसट तेलकटपणा दिसतो आणि पुसल्यावर परत येत नाही, तो बसवताना बाहेर राहिलेल्या ग्रीसचा असतो. त्यासाठी क्लिप उघडायची गरज नाही.